महिन्याचं की तीन वर्षांचं

त्या दिवसांत आमच्या घरात एका जागेवरून भांडण चाललं होतं, आणि ती जागा आमच्यापैकी कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. तायवानमधल्या आमच्या लुकांग गावात जागेवरून भांडणं काही नवी नाहीत. शेवया वाळत घालायच्या अंगणावरून माझे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पण त्यांच्या भांडणात निदान अंगण तरी होतं.

आम्ही शेवया करतो. मिठाच्या, हाताने ओढलेल्या, दोन काठ्यांवर ताणून वाऱ्यावर वाळवलेल्या. कुणाचा वाढदिवस असला, कुणी आजारातून उठलं, कुणी तुरुंगातून सुटून आलं, की आमच्या शेवया डुकराच्या पायाबरोबर शिजवून खातात. त्यामुळे धंदा तसा बंद पडत नाही. पण ओढायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरी दोनच होती: मी आणि माझा नवरा, आमचा म्हातारा त्साय-वांग. माझे खांदे दुखतात आणि त्यांचा डावा कान गेलाय. मी काठीच्या या टोकाकडून ओरडायचं आणि त्यांनी त्या टोकाला ‘काय?’ म्हणायचं, अशा शेवया आम्ही करत होतो.

मग चांद्र नववर्षाच्या सुट्टीला आमची मुलगी आ-युन तायपेईहून आली. पाचव्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं बॅगा उचलून परत गेली. आमची गेली नाही. पुढे कधीतरी भांडी घासता घासता तिने सांगितलं, की कंपनीने तिचा अख्खा विभागच बंद करून टाकला.

“मग परत कधी जाणार?” मी विचारलं.

“बघू,” ती म्हणाली.

आता ‘बघू’ या उत्तराचं माणसाने करायचं काय? मला ती इथेच हवी होती. सकाळी उठून खाली यावं आणि ती पिठात हात घालून बसलेली दिसावी, एवढंच मला हवं होतं. पण चौतीस वर्षांच्या शिकलेल्या मुलीला ‘राहा इथेच, शेवया ओढ’ असं सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि मी सांगायचं, तिने ‘नाही’ म्हणायचं, मग मी काय करायचं? त्यापेक्षा मी रोज आडून विचारायचे. “अगं, कधी जाणार ते आधी सांग, बरोबर द्यायला मासे खारवून ठेवते.” “पोटभर जेव, तिकडे असं मिळायचं नाही.” एखाद दिवशी ती वैतागून ‘नाही जाणार मी, झालं?’ म्हणेल, अशी मला आशा होती. ती फक्त ‘बघू’ म्हणायची. तिची थंडीतली रजई अजून तायपेईत मैत्रिणीच्या घरीच पडली होती, हे मी कधी विसरले नाही.

तर अशात एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने टेबलावरचे वाट्या-चमचे बाजूला सारले आणि लॅपटॉप उघडला. तिने आमच्या शेवयांची वेबसाइट केली होती. फोटोत म्हातारा काठ्या धरून उभा होता, आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला तो देखणा वाटला. मी काठीच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून माझा नुसता कोपर आला होता.

“आता फक्त होस्टिंग घ्यायचं राहिलंय,” आ-युन म्हणाली.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“जागा भाड्याने घ्यायची. बाजारात गाळा घेतो ना, तसं. तिथे आपली वेबसाइट ठेवायची, म्हणजे लोकांना दिसेल. महिन्या-महिन्याचं भाडं भरता येतं, नाहीतर तीन वर्षांचं एकदम. एकदम भरलं तर फार स्वस्त पडतं.”

“तीन वर्षांचं!” म्हातारा म्हणाला. त्यांना एवढंच बरोबर ऐकू आलं होतं. जे एकदम घेतल्यावर स्वस्त पडतं ते त्यांना घ्यावंच लागतं. असाच त्यांनी एकदा इतका टॉयलेट पेपर आणला, की आमच्या पलंगाखाली झाडू जायला जागा उरली नाही.

“मी महिन्याचं घेणार आहे,” आ-युन म्हणाली.

“का?”

“बाबा, हा दर पहिल्या तीन वर्षांपुरताच असतो. नंतर नूतनीकरणाला तिप्पट लावतात. आणि त्यांचं काम ढिसाळ निघालं तर पैसे अडकले. महिन्याचं असलं की केव्हाही सोडून जाता येतं.”

तिचं बाकीचं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. ‘केव्हाही सोडून जाता येतं’ एवढं मात्र डोक्यात जाऊन बसलं. आमच्या गल्लीत भाडेकरू राहतात. ज्याला राहायचं असतं तो पहिल्या आठवड्यात भिंतीत खिळे ठोकतो. महिन्याच्या बोलीवर राहणारा कपडेसुद्धा दोरीवर चिमटे न लावता वाळत घालतो. मला सगळं कळून चुकलं.

“तीन वर्षांचंच घ्यायचं,” मी म्हटलं.

“आई, तुला होस्टिंग म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?”

“भाडं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे!”

झालं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी म्हणायचे, महिन्याच्या भाडेकरूला गिऱ्हाईक विचारत नाही. ती म्हणायची, आई, गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. मी म्हणायचे, दिसत नाही पण जाणवतं. पीठ मळताना हेच, ओढताना हेच. एकदा तर रागाच्या भरात आम्ही दोघींनी दोन्ही टोकांनी अशी ओढ घेतली की अख्खा ताणा तुटून जमिनीवर पडला, आणि म्हाताऱ्याने तो निमूटपणे उचलून कोंबड्यांना घातला.

त्यात त्या कंपनीने पडद्यावर एक घड्याळ लावलं होतं. सवलत संपायला इतके तास, इतकी मिनिटं, इतके सेकंद उरले, म्हणून ते लाल आकडे पळत असायचे. म्हाताऱ्याने त्याचा धसकाच घेतला. जेवता जेवता उठून बघायचे. “अगं, चारच तास राहिले!” चार तास संपायचे, म्हातारा हळहळायचा, आणि सकाळी उठून बघावं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

“बघा बाबा,” आ-युन म्हणायची, “ही असली खोटारडी माणसं आहेत. यांना तीन वर्षांचे पैसे द्यायचे?”

“खोटारडी कसली?” म्हातारा म्हणायचा. “भली आहेत. आपल्यासाठी थांबलीत.”

शेवटी मीच म्हटलं, भूमीदेवाला विचारू. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं देऊळ आहे. दुकानदार माणसं चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी तिथे जातातच. जमीन, जागा, धंदा, भाडं, सगळं त्याच्या अखत्यारीत येतं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा देव आहे, गोडखाऊ आहे, उगीच कुणाला फसवत नाही.

“देवाला होस्टिंग कळतं का?” आ-युनने विचारलं.

“तुझ्या बाबांना समजावत बसतेस, मग देवाने काय घोडं मारलंय?”

ती हसली. म्हणाली, “बरं. सलग तीनदा होकार आला तर तीन वर्षांचं घेते. शब्द देते.” देवाच्या नावाने दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही, तायपेईहून आलेला माणूससुद्धा. मी मनातल्या मनात उडीच मारली.

सोळाव्या दिवशी आम्ही तिघं शेंगदाण्याच्या वड्या आणि चिकट तांदळाचे गोड मोची-लाडू घेऊन गेलो. देवळात ही गर्दी. सगळ्या गल्लीचं त्याच दिवशी काहीतरी अडलेलं असतं. बाजारात मासे विकणारी बी-लिएन नेमकी माझ्या मागे उभी होती, माशांची टोपली घेऊनच. देऊळ सांभाळणारे बुन-काका दाराशी खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. त्यांचं काम एवढंच, की कुणी लबाडी करून चौथ्यांदा कौल लावत नाही ना ते बघायचं.

मी गुडघे टेकले, उदबत्ती लावली आणि रीतीप्रमाणे नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता सांगितला. मग चंद्रकोरीसारखे लाल लाकडी ठोकळे दोन्ही हातांत धरले. “देवा, शेवयांच्या वेबसाइटसाठी तीन वर्षांची जागा घेऊ का?” आणि दिले टाकून.

एक ठोकळा सपाट अंगाने वर आणि दुसरा फुगीर अंगाने वर आला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. माझे दोन्ही सपाट वर आले.

“हसला,” बुन-काका दारातून म्हणाले.

देव हसला म्हणजे प्रश्नच त्याला धड वाटला नाही. पुन्हा विचारायचं. मी पुन्हा विचारलं, जरा जोरात, न जाणो त्याचाही डावा कान गेला असला तर. ठोकळे पुन्हा सपाट.

“पुन्हा हसला,” बुन-काका म्हणाले आणि कप ठेवून उठून आले. “ग्वेत, ही जागा आहे कुठे?”

“इंटरनेटवर.”

“इंटरनेटवर म्हणजे कुठे? पत्ता काय?”

मी आ-युनकडे पाहिलं. तिने फोनवर काहीतरी चाळलं. “सर्व्हर सिंगापूरला आहे,” ती म्हणाली.

देवळात एकदम गलका झाला. बुन-काकांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, आपल्या भूमीदेवाची हद्द त्या कालव्यापर्यंत! पलीकडच्या गल्लीचंसुद्धा तो बघत नाही, आणि तू त्याला सिंगापूरचं भाडं विचारतेस? हसेल नाहीतर काय करेल?”

“सिंगापूरला पण भूमीदेव आहे,” बी-लिएन मागून म्हणाली. “माझ्या जावेची बहीण तिथे असते. मोठं देऊळ आहे म्हणे.”

“मग तिकडे जाऊन विचारू दे!”

“इकडच्या देवाने तिकडच्या देवाला विचारलं तर नाही का चालणार?” म्हाताऱ्याने विचारलं. “म्हाताऱ्या माणसांची ओळख असते.”

रांगेतल्या माणसांत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, वेबसाइट लुकांगच्या शेवयांची, तेव्हा देव लुकांगचा. काहींचं म्हणणं, घर जिथे बांधलं तिथला देव, घरमालक कुठला हे बघत नाहीत. आ-युन तोंडावर हात धरून उभी होती. तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

“आ-युन, हसू नकोस! दुसरीकडे कुठे नाही का जागा?”

“आहे की. हीच कंपनी तायवानमध्येही जागा देते. चांगहुआला. अर्ध्या तासावर.”

चांगहुआ म्हटल्यावर बुन-काका जरा विरघळले. हद्दीत नाही, पण ओळखीपाळखीत बसतं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “तसं सांगून पुन्हा विचार. शेवटचं.”

मी सांगितलं. सिंगापूर रद्द, चांगहुआ. तीन वर्षं. ठोकळे टाकले.

सपाट. दोन्ही.

“ग्वेत-ताई,” बी-लिएन म्हणाली, आणि तिचा आवाज बाजारात असतो तसा झाला, “तू विचारतेस एक आणि तुझ्या मनात आहे दुसरंच. तो काय दुधखुळा आहे का? जे विचारायचं ते सरळ विचार आणि उठ, माझे मासे उतरायला लागलेत!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही तिच्यावर, काही देवावर, काही त्या सिंगापूरवर. मी ठोकळे उचलले आणि ओरडूनच विचारलं, “देवा, माझी आ-युन इथे राहणार आहे की परत जाणार आहे?”

म्हाताऱ्यालासुद्धा ऐकू गेलं.

ठोकळे टाकणार तेवढ्यात आ-युनने ते माझ्या हातातून काढून घेतले. आता ती हसत नव्हती.

“देवाला काय विचारतेस? मी इथे उभी आहे की.”

“मग तूच सांग. जाणार आहेस की नाही?”

“मला काय माहीत! तू घालवशील तेव्हा जाईन.”

“मी? मी घालवीन?”

“मग रोज सकाळी कोण विचारतं, कधी जाणार म्हणून? माशांना मीठ लावण्याआधी तारीख कोण मागतं? मला वाटलं तुला लाज वाटते माझी. नोकरी गेलेली मुलगी घरात बसलीय, गल्लीत लोक विचारतात. म्हणून म्हटलं महिन्याचंच घ्यावं. तू जा म्हणालीस की बंद करून जाता येईल.”

“मी असं कधी म्हटलं?” मी रांगेकडे वळून म्हटलं. “मी असं म्हणते का?”

कुणीतरी माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. बी-लिएनने टोपली या हातातून त्या हातात घेतली. “म्हणतेस ग्वेत-ताई,” ती म्हणाली. “परवा माझ्याकडे पण म्हणालीस. ‘ही जाते कधी कोण जाणे.’”

“मलाही तेच वाटलं,” म्हातारा म्हणाला. “तुला ती नकोय असं. म्हणून मी आपला गप्प बसलो.”

चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला माझ्या मनातलं एवढंच कळलं होतं! मी त्यांच्यावर तोंड सोडणार होते. तोंड उघडलंसुद्धा, पण समोर लक्ष गेलं. आ-युन ठोकळे छातीशी धरून उभी होती. लहानपणी शाळेतून मार खाऊन यायची तेव्हा अशीच उभी राहायची, आधी कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत.

“राहा,” मी म्हटलं. “मला तू इथे हवी आहेस. नववर्षापासून हवी आहेस. त्याच्या आधीपासून. तू नसतेस तेव्हा मी यांच्याशी भांडते आणि यांना ऐकू येत नाही.”

रांगेत कुणीतरी नाक ओढलं. बहुतेक बुन-काकाच.

“किती दिवस राहू?” आ-युनने विचारलं.

तीन वर्षं, असं मी म्हणणार होते. इतके दिवस त्याच आकड्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघताना तो आकडा मला एवढासा वाटला. तीन वर्षांत काय होतं? अंगणाच्या छपराचा नवा पत्रासुद्धा तीन वर्षांत धड जुना होत नाही.

“दिवस कसले मोजतेस?” मी म्हटलं. “मोजू नकोस.”

“त्या कंपनीवाल्यांना विचार ना,” म्हातारा आ-युनला म्हणाला, “दहा वर्षांचं आहे का. ते अजून स्वस्त पडेल.”

सगळं देऊळ हसलं. बुन-काका डोळे पुसत म्हणाले, की आता निदान एक तरी प्रश्न धड विचारा, देव ताटकळलाय. आ-युनने गुडघे टेकले. नाव, जन्मतारीख सांगितली, आणि पत्ता सांगताना आमच्या घराचा सांगितला. मग मोठ्याने विचारलं, “महिन्याचा प्लॅन घेऊ का?” एक सपाट, एक फुगीर. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. म्हातारा हिरमुसला. मला मात्र काही वाटलं नाही. देवाला धंदा कळतो, आणि आमच्या मुलीलाही कळतो. भाडं आता नुसतं भाडं राहिलं होतं. बी-लिएनने मला कोपराने बाजूला सारलं आणि आपले मासे घेऊन देवापुढे बसली.

वेबसाइट चालू झाली. रजई तायपेईहून पार्सलने आली. पहिला महिना संपत आला तेव्हा आ-युन म्हणाली, “आई, दर महिन्याला पैसे आपोआप कापले जायची सोय आहे. ती चालू करून टाकते, बघायलाच नको.”

“करू नकोस,” मी म्हटलं.

“का? विसरले तर वेबसाइट बंद पडेल.”

“मी आठवण करीन.”

तिने ती सोय बंदच ठेवली आणि लॅपटॉप मिटला. तेव्हापासून दर महिन्याला त्या कंपनीचा निरोप येतो, आणखी एक महिना राहायचं आहे का म्हणून. मी त्या दिवशी मागच्या पडवीत पीठ मळत असते, हात कोपरापर्यंत भरलेले असतात, आणि माझं मळणं आपोआप हळू होतं. मग पुढच्या खोलीतून तिचा आवाज येतो.

“आई, ‘हो’ दाबलं गं!”

“ऐकलं!” मी ओरडते, आणि पुन्हा पिठाला लागते.